एरियलची बैठक

आमचे घरमालक कुणाचाही फोन स्वतःहून ठेवत नसत. पलीकडच्यानं ठेवला तर ठेवला, नाहीतर फोन तसाच चालू शर्टाच्या खिशात, आणि हे आपले अंगणात कानस घासत बसलेले. पुण्याहून लेक फोन करायची. बोलणं झालं की ती म्हणायची, "बाबा, ठेवा आता." हे म्हणायचे, "तू ठेव." एकदा ती बोलता बोलता स्वयंपाकाला लागली आणि फोन ठेवायचाच विसरली. तिच्या कुकरच्या शिट्ट्या ह्यांच्या खिशातून वाजत होत्या, आणि जिन्यात असलेली मी माझाच कुकर समजून वर पळाले. तेव्हा मला खूप हसू आलं होतं. कारण कळलं त्यानंतर मात्र कधी आलं नाही.

घर परळीत, थर्मल वीजकेंद्राच्या अंगाला. म्हणजे धुतलेली चादर वाळत घालावी आणि दुपारी काढताना पुन्हा झटकावी, अशी राख. घरामागून मोठ्या तारा गेलेल्या, त्यांची भुणभुण चोवीस तास. माझी नोकरी सिरसाळ्याच्या शाळेत, नवऱ्याची इथल्याच साखर कारखान्यात. वरच्या दोन खोल्यांत आम्ही, खाली ते एकटे. पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून गल्ली त्यांना वायरलेसवाले म्हणायची. मी काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे, शाळेतली पोरं म्हणतात तसं.

नोकरी सुटली तरी बिनतारीची शिस्त काही सुटली नव्हती. दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की ह्यांचा हात वर. मी नि माझा नवरा भांडत असलो की खालून आवाज यायचा, "एकानं बोला. दोघं बोललं की दोघांचंबी वाया जातं." काय बिशाद पुढं भांडायची. आणि निरोप नावाची गोष्ट ह्यांच्याकडे नव्हतीच. स्वतः निघताना 'येतो' नाही, पाहुणा निघाला तर 'या परत' नाही. नुसतं बघत उभं राहायचं. माझ्या सासूबाई एकदा आल्या होत्या, त्या भलत्याच रागावल्या. "सरळ दोन शब्द बोलायला काय जातंय ह्या मानसाचं," म्हणत रिक्षात बसल्या. मीही तेव्हा त्यांना दुजोरा दिला.

त्यांच्याकडे हौशी रेडिओचा सरकारी परवाना होता. टेबलावर सेट होता, काठावर बोटांनी झिजलेला. पण सेट लावला की त्यातून घरामागच्या तारांची भुणभुण तेवढी यायची. "ह्या गोंगाटात कुनी जीव तोडून बोललं तरी ऐकू येनार न्हाई," असं ते चिडून म्हणायचे. कुणी बोलणार आहे असं त्यांना का वाटतं, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांनी ठरवलं ते असं, की सेट जीपमध्ये बसवायचा, एरियल जीपला लावायचं आणि तारांपासून लांब सिरसाळ्याच्या वाटेवरच्या माळावर जाऊन ऐकायचं. जीप जुनी, पोलिसांच्याच लिलावात घेतलेली. गाडीच्या टपाला चिकटणारी चुंबकाची बैठक बाजारात तयार मिळते म्हणे, पण ह्यांच्या जीपचा टपच कापडाचा. मग निघाला अंगणात कारखाना.

एरियलची काठी केली कापसावर फवारायच्या पंपाच्या पितळी नळ्यांची, एकीत एक सरकवून. तिच्या बुडाशी मोटारसायकलच्या शॉकअपची स्प्रिंग, म्हणजे बाभळीची फांदी लागली तरी काठी वाकेल, मोडणार नाही. स्प्रिंगखाली नायलॉनचा गट्टू, म्हणजे काठी गाडीच्या लोखंडाला टेकायची नाही. हे सगळं मी कपडे वाळत घालता घालता बघत होते आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं. ज्यावर हा डोलारा उभा राहायचा ती बैठक मात्र त्यांनी खाटेच्या नळीची करायची ठरवली. मागच्या खोलीत एक लोखंडी खाट होती, काकूंची. काकू मी यायच्या आधीच गेलेल्या. तिची कडेची नळी त्यांनी कापली आणि रशीदकडे घेऊन गेले.

रशीदचं वेल्डिंगचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला. मी बाजारातून येताना जीपमध्ये बसले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"चाचा, ये तो पलंग का पाइप है," रशीद नळी फिरवून म्हणाला. "जंग लगेला. मेरे पास नया अँगल पडा है, वो लगाता ना."

"न्हाई. हीच नळी."

"कायकू पर?"

"लाईन हीच हाय."

रशीदनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. म्हातारा चिकट आहे, यापलीकडे आम्हा दोघांनाही काही कळलं नाही.

रशीदची एक पद्धत आहे. गेट असो, ट्रॉलीचा हूक असो, त्याच्या दुकानातून वस्तू बिनरंगाची बाहेर पडत नाही. वरून चंदेरी हात फिरलाच पाहिजे. त्यानं नळीला दोन्हीकडे पट्ट्या जोडल्या, भोकं पाडली, बंपरला बसेल अशी सुरेख बैठक केली, आणि आपुलकीनं ती सगळी, बोल्टाच्या बुडापर्यंत, चंदेरी रंगवून आणली. काका बघतच राहिले. मग खाली बसले आणि बोल्टाच्या जागा कानशीनं घासायला लागले, खालचं लोखंड उघडं पडेपर्यंत. "रंग मधी आला की गाडी अन् एरियल एकमेकांना वळखत न्हाईत," असं रशीदला समजावत होते. तोवर ठीक होतं. पण नळीच्या मधोमध एका जागी त्यांनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तिथला रंग त्यांनी कानशीनं काढला नाही. थिनरच्या फडक्यानं, सावकाश, पुढची अख्खी दुपार घालवून काढला. खालून बारीक बारीक ओरखडे वर आले, एकाशेजारी एक, बोटभर जागेत गर्दी करून. ओरखडे दिसल्यावर त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि चहा मागितला.

त्यानंतर आमचा नेम सुरू झाला. सकाळी ते मला जीपनं शाळेत सोडायचे, स्वतः माळावर जाऊन थांबायचे आणि संध्याकाळी घेऊन यायचे. मला बसची धक्काबुक्की चुकली, मी खूश. मागं काठी डुलत असायची. एकदा विचारलं, "काका, दिवसभर काय करता हो तिथं?"

"ऐकतो."

"काय ऐकता?"

"अजून काय आलं न्हाई."

हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले, की मी पुढं विचारलं नाही.

मग मे महिन्यातली ती दुपार. शाळेला सुट्टी, वारा असा कोरडा की ओठ फुटावेत. काका जीपची बॅटरी काढून रशीदकडे चार्जिंगला घेऊन गेले होते. सेटही घरात होता. म्हणजे जीपमध्ये लोखंड आणि कापड सोडून काही नव्हतं. मी दोरीवरचे कपडे काढायला खाली आले आणि जीपच्या मागच्या अंगानं आवाज आला. चट. मग चर्र, जरा लांबलेला. मग चट चट चट. थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा तेच. मला वाटलं पाल असेल. वाकून बघितलं तर आवाज बैठकीतून येत होता, त्या गट्टूपाशी. हात जवळ नेला तर बोटाला झिणझिणी आली आणि हातावरचे केस उभे राहिले. पुन्हा चट, चर्र, चट चट चट. मी कपडे उचलले आणि मुकाट्यानं वर गेले.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी नंतर मला फळ्यावर काढून दाखवलं. कोरड्या वाऱ्यात धूळ काठीला घासत राहते, काठीत वीज साठते आणि गट्टूवरून खाली उडी मारते, तिचा तो आवाज. फळ्यावर ते अगदी बरोबर होतं.

संध्याकाळी काका चहाला वर आले. मी गंमत म्हणून सांगितलं, "तुमची जीप बोलते हो," आणि बशीवर चमच्यानं वाजवून दाखवलं. एक टिचकी, मग चमचा घासून एक खर्र, मग तीन टिचक्या.

त्यांनी कप खाली ठेवला. "परत."

मी परत वाजवलं.

"बाई, तुमाला हे कुनी शिकवलं?"

"जीपनं," मी म्हणाले आणि हसले. ते हसले नाहीत. चहावर साय धरली. नवरा कामावरून आला, ह्यांच्याकडे बघून आत गेला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

लग्न नवं असताना त्यांची नेमणूक बालाघाटच्या डोंगरातल्या एका जत्रेच्या बंदोबस्ताला झाली होती. एक तंबू, एक सेट, हे एकटे. मुख्य केंद्रानं काहीतरी सांगायला घेतलं आणि मधेच थांबायची खूण केली. टक, खर्र, टक टक टक. ही खूण म्हणजे थांब, माझं बोलणं व्हायचंय. "ही आली की स्टेशन सोडता येत न्हाई, बाई. उटता येत न्हाई. एकतर त्यानं पुढं बोलायचं, न्हाईतर काम संपलं म्हनून खूण द्यायची. तवर हितंच." केंद्रावरचा माणूस पाळी बदलून घरी गेला आणि ह्यांना विसरला. जत्रा उठली, दुकानांची पालं उतरली, हे सेटपाशी बसलेलेच. काकू भाकरी घेऊन डोंगर चढून आल्या आणि शेजारी बसून राहिल्या. वेळ जात नव्हता म्हणून ह्यांनी त्यांना ती भाषा शिकवली, डब्याच्या झाकणावर बांगडीनं. टिचकी म्हणजे छोटा सूर, बांगडी घासली की लांब सूर.

"पुढं लई उपेग झाला तिचा," ते म्हणाले. "पाव्हन्यासमोर साखर संपलेली हाय हे ती ताटावर बांगडी वाजवून सांगायची. मी मुकाट पिशवी घेऊन भाईर." हे सांगताना त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. मग काकूंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, एक हात तेवढा राहिला. खाटेच्या नळीवर बांगडी वाजवून त्या बोलायच्या. पाणी पाहिजे, पंखा बंद करा, लेकीला बोलवा, सगळं. ते ओरखडे त्याचे होते.

"शेवटी अँब्युलन्स आली. ते उचलाय लागले तर तिनं नळी धरली. टक, खर्र, टक टक टक. थांब. मी म्हनलं, थांबतो. त्यांनी तिचा हात सोडवला. अंबाजोगाईला पोचलो तवा..." त्यांनी गार झालेला कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तिला कायतरी सांगायचं ऱ्हायलंय. शेवटचं काम ह्या नळीवर झालंय, तवा येईल ते ह्याच नळीवर येईल."

मला भीती वाटली. त्यांची नाही, माझ्या हातातल्या चमच्याची. तो मी हळूच बशीत ठेवला. ह्या माणसाला कुणालाच निरोप का देता येत नाही, फोन का ठेवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीनंतर त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, लवकर करा म्हणाले, उशीर झाला तर हातात काही राहणार नाही. लेक पुण्याहून आली, तिकडं सगळी व्यवस्था करून. हे जागचे हलेनात. ती वर माझ्याकडे आली आणि ओट्याशी उभी राहून रडली.

"आईला काही येत नव्हतं हो ताई," ती म्हणाली. "हात थरथरायचा तिचा. बांगडी नळीवर वाजायची. बाबा त्याचे शब्द करायचे. मी होते ना तिथं, मी बघितलंय. मेलेल्या माणसासाठी हे जीव द्यायला निघालेत. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

मी तिच्या बाजूची होते, आजही सांगते. दुसऱ्या दिवशी माळावर जीप थांबवायला लावली आणि बोलले. शाळेत पोरांना झापते त्या आवाजात बोलले.

"काकू गेल्या, काका. आता कोण येणार लाईनवर? लेक जिवंत आहे, ती रडतीय. तिचं ऐकायचं का नाही?"

"ऐकतोय की."

"मग चला पुण्याला."

"ती गेली ते मला कळतंय, बाई. मी येडा न्हाई." त्यांनी मागं वळून काठीकडे बघितलं. "पन मी थांबतो म्हनलं ना तिला. तोंडानं म्हनलो. आता मी जायचं कसं?"

वारा पडलेला होता, काठी स्थिर होती. शाळेची घंटा ऐकू आली आणि मी उरलेली वाट चालत गेले.

त्यांनी वाट बघणं सोडलं नाही आणि दुखण्यानं त्यांची वाट बघितली नाही. उन्हाळा लागायच्या सुमारास एका संध्याकाळी ते मला घ्यायला आले नाहीत. मी माळापर्यंत चालत गेले तर जीपमध्ये मागच्या बाकावर आडवे, घामानं भिजलेले, मागं हात टाकून त्या बैठकीची नळी धरलेली. मी रशीदला फोन केला. तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून आला आणि जीप त्यानं चालवली, परळीवरून सरळ अंबाजोगाईला. घाटातल्या झाडांना काठी सपासप लागत होती. नळीवरचा त्यांचा हात मी सोडवला नाही.

दवाखान्यात तोंडाला ऑक्सिजन लावला. खाट लोखंडी, पांढऱ्या रंगाची, रंगाचे पोपडे निघालेले. लेक पुण्याहून निघाली होती, पोचली नव्हती. सिस्टर मला म्हणाल्या, बाहेर थांबा. मी उठले तर काकांचा हात खाटेच्या कडेला गेला. नख टक वाजलं. मग खर्र, पोपड्यावरून घासत. मग टक टक टक. डोळे माझ्यावर होते.

मला त्या भाषेतली तेवढी एकच खूण येत होती.

"थांबते, काका," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. दुसरं काय बोलणार होते मी, तुम्हीच सांगा.

मी बाहेर बाकावर बसले आणि थोड्या वेळानं डॉक्टरांनी येऊन काका गेल्याचं सांगितलं. मी त्यांना हाताचं सांगितलं. ते चांगले होते, ऐकून घेतलं, म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की हात थरथरतो. मी मान हलवली. लेकीला मी हे सांगितलं नाही. आईचं सोसलं होतं तिनं, त्यात आणखी बापाचं कशाला.

पुढं सगळं सरळ होणार होतं. माझ्या नवऱ्याला कोल्हापूरकडच्या कारखान्यात चांगली जागा मिळाली. मी बदलीचा अर्ज केला होता, तो मोबाईलवर मंजूर होऊन आला. मी शाळेत पेढे वाटले. सामान बांधलं. लेकीनं घर विकायला काढलं आणि अंगणातली जीप भंगारात द्या म्हणाली. जीप जाऊ दे, पण ती नळी भंगारात जाऊ नये असं मला वाटलं. लेकीला द्यावी, आईची आहे. बोल्ट गंजून बसले होते, म्हणून रशीदला कापायच्या मशीनसकट बोलावलं.

सकाळची वेळ होती. वारा अजिबात नव्हता, दोरीवरचं फडकंही हलत नव्हतं. रशीदनं वायर जोडली, चष्मा लावला, आणि नळी हलू नये म्हणून डाव्या हातानं घट्ट धरली. तसाच राहिला. मशीन चालू केलं नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यानं दुसराही हात नळीवर ठेवला.

"बाजी," बहिणीला म्हणतात तसं तो हळू म्हणाला, "ये अंदर से बज रा."

"काय वाजतंय?"

त्यानं नळी सोडली आणि बोटानं जीपच्या पत्र्यावर वाजवून दाखवलं. टिचकी. नख घासून एक लांब खर्र. मग तीन टिचक्या. रशीदला ती खूण कुणी कधी सांगितली नव्हती. मी तर नाहीच.

त्यानं वायर गुंडाळली. "मै नै काटता," म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला. त्यानंतर तो ह्या गल्लीतून गाडी नेत नाही.

नवरा पुढं गेला. मी बदली रद्द करून घेतली. लोकांना सांगते, शाळेत पोरं माझ्यावाचून रडतील. नवऱ्यानं एकदा समजुतीनं विचारलं, दोनदा रागानं, आता विचारत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, जेवतो, जाताना दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघतो. मी त्याला 'ये परत' म्हणत नाही. घर अजून विकलं गेलेलं नाही. गिऱ्हाईक येतं, अंगणातली जीप बघतं, हलवा म्हणतं, आणि रशीद सोडून दुसरा कुणी हलवायला आला तरी मीच त्याला परत पाठवते. संध्याकाळी शाळेतून आले की थोडा वेळ जीपच्या मागच्या बाकावर बसते. मला फक्त एकच खूण येते. पुढचं कुणी बोललं तर ते मला कळायचंसुद्धा नाही. हे मला माहीत आहे, तरी बसते.

कधीकधी लेक पुण्याहून फोन करते. घराचं विचारते, माझ्या तब्येतीचं विचारते, बोलणं संपतं.

"ठेवा आता, ताई," ती म्हणते.

"तुम्ही ठेवा," मी म्हणते.

तीही ठेवत नाही. मग तिच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि फोन चालूच असतो.